अहवालात यशस्वी, प्रत्यक्षात अर्धवट: विकास प्रकल्पाचं व्यवस्थापन कुठे आणि कसं सुधारायचं

राजस्थानातल्या उदयपूर जिल्ह्यात सेवा मंदिर ही संस्था एकशिक्षकी अनौपचारिक शाळा चालवत होती. शिक्षक वरचेवर गैरहजर राहत. २००३ मध्ये संशोधकांच्या मदतीने काही शाळांना कॅमेरे दिले गेले. शाळा भरताना आणि सुटताना एका विद्यार्थ्याने वर्गासह शिक्षकाचा फोटो काढायचा, त्यावर तारीख आणि वेळ उमटायची, आणि पगार हजर दिवसांवर ठरायचा. कॅमेरा नसलेल्या शाळांत गैरहजेरी ४२ टक्के होती, कॅमेऱ्याच्या शाळांत ती २१ टक्क्यांवर आली. पुढे त्याच जिल्ह्यात सरकारी आरोग्य उपकेंद्रांतल्या परिचारिकांसाठी असाच बेत आखला गेला. कॅमेऱ्याऐवजी तारीख-वेळ छापणारं यंत्र होतं, देखरेख मात्र याच संस्थेची. पगारकपातीचा अधिकार सरकारी आरोग्य खात्याकडे होता. पहिले काही महिने हजेरी सुधारली. मग ‘आज हजेरीतून सूट आहे’ अशा नोंदी वाढत गेल्या, आणि साधारण १६ महिन्यांनी देखरेख असलेल्या आणि नसलेल्या केंद्रांत फरकच उरला नाही.

व्यवस्थापनाचा प्रकल्पाच्या कामगिरीवर परिणाम होतो का, या प्रश्नाला ‘हो, पण’ हेच उत्तर का द्यावं लागतं, ते या दोन प्रयोगांतून दिसतं. मोजणी दोन्हीकडे चोख होती. पहिल्या ठिकाणी मोजणीवरून निर्णय घेणारा माणूस संस्थेतच होता आणि तो निर्णय घेत होता. दुसऱ्या ठिकाणी आकडे गोळा होत होते, पण त्यांवरून कोणी काही करत नव्हतं. पुढची प्रत्येक पायरी मी याच कसोटीवर मांडली आहे: या पद्धतीमुळे कोणाचा कोणता निर्णय बदलतो? उत्तर सापडलं नाही तर ती पद्धत कितीही नावाजलेली असो, तिच्यावर कार्यकर्त्यांचे तास घालवू नका.

पायरी १: ‘चांगली कामगिरी’ कशाला म्हणायचं ते ठरवा

एकाच प्रकल्पाबद्दल वित्त विभाग, देणगीदार आणि फील्डवरचे कार्यकर्ते वेगवेगळ्या अर्थाने ‘चांगला चालला आहे’ म्हणतात. वित्त विभागासाठी खर्च अंदाजपत्रकात बसला पाहिजे, देणगीदारासाठी ठरलेली कामं ठरलेल्या तारखेला झाली पाहिजेत. लोकांच्या आयुष्यात काय बदललं, हा प्रश्न बहुधा शेवटच्या वर्षी येतो, आणि तेव्हा मागे जाऊन मोजायला काही हाती नसतं.

ओईसीडी या प्रामुख्याने विकसित देशांच्या संघटनेच्या विकास सहाय्य समितीने १९९१ मध्ये मूल्यमापनाचे पाच निकष मांडले: समर्पकता, परिणामकारकता, कार्यक्षमता, दूरगामी प्रभाव आणि टिकाऊपणा. २०१९ मध्ये सुसंगती हा सहावा जोडला गेला. निकष चांगले आहेत, पण ते मूल्यमापकासाठी आहेत. प्रकल्प समन्वयकाला रोज सहा निकष डोक्यात घेऊन फिरता येत नाही. त्याच्यासाठी दोन पातळ्या वेगळ्या ओळखता आल्या तरी पुरे: आपण काय केलं (प्रशिक्षणं, विहिरी, शिबिरं) आणि त्यामुळे समोरच्याने काय वेगळं केलं (पाणी उकळलं, बाळाला लस दिली, बचत गटाचं कर्ज फेडलं). पहिल्या पातळीवर संस्थेचा ताबा असतो, दुसरीवर नसतो. म्हणूनच सगळा अहवाल पहिल्या पातळीत अडकतो.

प्रकल्पाच्या पहिल्या पानावर दुसऱ्या पातळीचं एकच वाक्य लिहा. त्यात कोण, काय आणि कधीपर्यंत, हे तिन्ही असू द्या. ‘महिलांचं सक्षमीकरण’ हे वाक्य चालणार नाही. ‘दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस गटातल्या निम्म्या महिला स्वतःच्या नावावरचं खातं स्वतः चालवतात’ हे चालेल, कारण ते चुकीचं ठरू शकतं. काम सुरू होण्याआधी आजची स्थिती मोजून ठेवा. पायाभूत सर्वेक्षण सहा महिने लांबलं तर त्यात प्रकल्पाचाच परिणाम मिसळतो आणि पुढची प्रत्येक तुलना संशयास्पद होते.

पायरी २: लॉगफ्रेमचा शेवटचा रकाना मनापासून भरा

लॉगफ्रेम ही प्रकल्पाची योजना चार रकान्यांत मांडायची चौकट. ती १९६९ च्या सुमारास यूएसएड या अमेरिकेच्या परदेशी मदत देणाऱ्या सरकारी संस्थेसाठी तयार झाली आणि तिथून जगभर पसरली. तिला नावं ठेवण्याची फॅशन जुनी आहे. मला ती पूर्ण पटत नाही. चौकटीतले पहिले तीन रकाने (काय साधायचं, कशाने मोजायचं, पुरावा कुठून आणायचा) सगळे काळजीपूर्वक भरतात. चौथा रकाना गृहीतकांचा. तिथे ‘राजकीय स्थैर्य राहील’, ‘समाजाचं सहकार्य मिळेल’ असं काहीतरी लिहून मोकळं व्हायचा रिवाज पडला आहे. प्रकल्प बुडतात ते बहुधा याच रकान्यात.

आफ्रिकेतल्या प्लेपंपाची गोष्ट या क्षेत्रात अनेकांना ठाऊक आहे. मुलांनी चक्री फिरवली की जमिनीतलं पाणी वर टाकीत चढायचं. २००६ मध्ये या कल्पनेसाठी १ कोटी ६४ लाख डॉलरची घोषणा झाली. मुलं पुरेसा वेळ खेळतील, हे गृहीतक कोणी तपासलं नव्हतं. २००९ मध्ये एका ब्रिटिश वृत्तपत्राने हिशेब मांडला: जेवढ्या लोकांना पाणी देण्याचा दावा होता, तेवढं पाणी काढायला मुलांना दिवसाचे २७ तास खेळावं लागलं असतं. हा गुणाकार करायला एका दुपारचं काम पुरे होतं.

म्हणून लिहिताना असं करा. योजनेतल्या प्रत्येक बाणापाशी (अमुक केलं की तमुक होईल) थांबा आणि विचारा, हे खरं ठरायला काय काय खरं असावं लागेल? त्यातलं जे आपल्या हातात नाही आणि जे चुकलं तर सगळंच कोसळेल, अशी तीन-चार गृहीतकं वेगळी काढा. प्रत्येकासमोर ते तपासणाऱ्या माणसाचं नाव, तपासायची तारीख, आणि खोटं निघालं तर काय बदलायचं ते लिहा. बाकीची वीस गृहीतकं देणगीदारासाठी राहू द्या.

पायरी ३: कोणता निर्णय कोणाचा, हे कागदावर आणा

मला विचाराल तर या लेखातली ही सर्वांत मोलाची पायरी आहे, आणि हिच्याकडेच सर्वांत कमी लक्ष दिलं जातं. बहुतेक संस्थांत पदांची उतरंड लिहिलेली असते, निर्णयांची नसते. मग पाऊस लांबला म्हणून रोपवाटिकेचं वेळापत्रक पुढे ढकलायचं तरी फील्डवरचा समन्वयक हेड ऑफिसच्या उत्तराची वाट पाहत बसतो, आणि उत्तर येईपर्यंत हंगाम निघून जातो.

एक तक्ता करा. गेल्या तीन महिन्यांत प्रकल्पात खरोखर घ्यावे लागलेले निर्णय आठवून लिहा: सामान बदलणं, लाभार्थी यादीत नाव घालणं किंवा काढणं, प्रशिक्षणाची तारीख बदलणं, एका खर्चशीर्षातून दुसऱ्यात पैसे वळवणं, कार्यकर्त्याला दुसऱ्या गटात हलवणं. प्रत्येकासमोर चार गोष्टी भरा: निर्णय कोण घेईल, त्याआधी कोणाला विचारलंच पाहिजे, कोणाला नुसतं कळवायचं, आणि किती दिवसांत. शेवटचा रकाना विसरू नका. मुदत नसलेला अधिकार हा बहुधा नकाराधिकार होऊन बसतो.

मग प्रश्न येतो, किती मोकळीक द्यायची? इथे दोन पुरावे उलट दिशांना बोट दाखवतात असं वाटतं. सेवा मंदिरच्या शाळांत कडक देखरेख कामी आली. पण नायजेरियाच्या केंद्र सरकारच्या ४,७०० हून अधिक प्रकल्पांचा इमरान रसूल आणि डॅनियल रॉजर यांनी केलेला अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात वेगळंच दिसलं. जिथे अधिकाऱ्यांना स्वायत्तता जास्त, तिथे प्रकल्प पूर्ण होण्याचं प्रमाण जास्त; जिथे देखरेख आणि प्रोत्साहनाची यंत्रणा जास्त, तिथे ते कमी. तो अभ्यास सरकारी यंत्रणेचा आहे, स्वयंसेवी संस्थांचा नाही, हे खरं. तरी विरोधाभास वाटतो तेवढा नाही. शिक्षक वर्गात आहे की नाही, हे फोटोत दिसतं, आणि ते रोज तसंच असतं. धरणाचं किंवा पाणीयोजनेचं काम मात्र जागेनुसार बदलतं. त्यात ‘बरोबर काय’ हे आधी लिहून ठेवता येत नाही.

तेव्हा कामांचे दोन ढीग करा. एकात रोज सारखीच होणारी आणि डोळ्यांनी तपासता येणारी कामं: हजेरी, साठा, रोख, लसीच्या पेटीचं तापमान. इथे नियम घट्ट हवेत आणि अपवाद जवळजवळ नकोत. दुसऱ्या ढिगात माणसं आणि परिस्थिती पाहून करायची कामं: ग्रामसभेतला वाद सोडवणं, गट बांधणं, एखाद्या कुटुंबाला वगळायचं की घ्यायचं. इथे आराखडा आणि खर्चाची मर्यादा द्या, कारण नोंदवायला सांगा, आणि बाजूला व्हा. बऱ्याच संस्था नेमकं उलटं करतात. गटबांधणीचा दिनक्रम तासातासाने ठरवतात आणि साठ्याची वही वर्षातून एकदा, लेखापरीक्षक यायच्या आदल्या आठवड्यात उघडतात.

पायरी ४: थोडं मोजा, पण पडताळून घ्या

निर्देशकांची यादी लांब झाली की कार्यकर्ता संध्याकाळी घरी बसून रकाने भरतो. त्यात त्याचा दोष कमी असतो. यादीतल्या प्रत्येक निर्देशकाला विचारा: हा आकडा निम्म्यावर आला तर पुढच्या महिन्यात आपण काय वेगळं करू? ज्याचं उत्तर ‘काही नाही’, तो मासिक यादीतून काढा. देणगीदाराला तो हवाच असेल तर वर्षातून एकदा गोळा करा. आठ-दहा निर्देशक उरले तरी भरपूर झाले.

उरलेल्या आकड्यांची पडताळणी मात्र झालीच पाहिजे, आणि ती आकडा भरणाऱ्याने करायची नाही. साधारण दहा टक्के नोंदी, कोणत्या ते आधी न सांगता, दुसऱ्या माणसाने जाऊन तपासाव्यात.

याहून चांगलं आणि स्वस्त साधन आहे: लॉट क्वालिटी अ‍ॅश्युरन्स सॅम्पलिंग, म्हणजे एलक्यूएएस. कारखान्यांतल्या मालाच्या तपासणीतून ते आलं आणि पुढे आरोग्य प्रकल्पांत रुळलं. एका पर्यवेक्षकाच्या कार्यक्षेत्रातून १९ घरं यादृच्छिक पद्धतीने निवडायची. समजा, लक्ष्य आहे की ८० टक्के मातांना जुलाबात बाळाला काय द्यायचं ते माहीत हवं. १९ पैकी १३ किंवा जास्त घरांत बरोबर उत्तर मिळालं तर ते क्षेत्र लक्ष्य गाठतंय असं धरायचं. १२ किंवा कमी आलं तर लक्ष तिकडे वळवायचं. लक्ष्य ५० टक्के असेल तर हा उंबरठा ७ चा. या १९ घरांवरून त्या क्षेत्राची नेमकी टक्केवारी सांगता येत नाही, तसा दावा करू नका. कोणत्या पर्यवेक्षकाला या महिन्यात मदत हवी, एवढं ते सांगतं, आणि व्यवस्थापनाला नेमकं तेच हवं असतं. सगळ्या क्षेत्रांचे नमुने एकत्र केले की लोकसंख्येचं वजन देऊन पूर्ण प्रकल्पाची टक्केवारीही काढता येते.

मोजणी आणि मानधन यांची सांगड घालायची असेल तर बांगलादेशातल्या ब्रॅक या स्वयंसेवी संस्थेचं उदाहरण अभ्यासण्याजोगं आहे. १९८० ते १९९० या दशकात त्यांच्या कार्यकर्त्या घरोघर गेल्या आणि आयांना जुलाबावर द्यायचं मीठ, गूळ आणि पाणी यांचं द्रावण करायला शिकवलं. सुमारे १ कोटी २० लाख घरांपर्यंत हे काम पोहोचलं. मानधन किती घरं फिरली यावर नव्हतं. काही दिवसांनी दुसरा निरीक्षक निवडक घरांत जायचा, आईला शिकवलेले मुद्दे किती आठवतात ते पाहायचा, आणि त्या श्रेणीवर मानधन ठरायचं. त्यामुळे शिकवण्याचा दर्जा टिकला.

पण गोष्ट इथे संपत नाही, आणि मला तिचा पुढचा भागच जास्त मोलाचा वाटतो. आयांना द्रावण आठवत होतं. मूल आजारी पडल्यावर वापर मात्र फार थोड्या जणी करत होत्या. शोध घेतल्यावर कळलं की शिकवणाऱ्यांपैकी अनेकींचाच द्रावणावर विश्वास नव्हता, आणि घरातल्या पुरुषांशी कोणी बोललंच नव्हतं. मग प्रशिक्षण बदललं, द्रावण काम का करतं हे आधी कार्यकर्त्यांना समजावलं, पुरुषांच्या बैठका घेतल्या. श्रेणीची पद्धत कितीही हुशार असली तरी ती मोजत होती आठवण. हवा होता वापर. म्हणून मानधन कशाला जोडायचं, हे ठरवण्याआधी पायरी १ मधलं वाक्य पुन्हा वाचा, आणि जोडल्यावरही वर्षातून एकदा तपासा की मोजमाप अजून त्याच गोष्टीचं होतंय ना.

पायरी ५: आढावा बैठकीत वाचन बंद करा

मासिक आढावा बैठक म्हणजे प्रत्येकाने उभं राहून आपला अहवाल वाचायचा, आणि बाकीच्यांनी आपली पाळी येईपर्यंत मोबाइल बघायचा. हे चित्र अनेकांच्या परिचयाचं असेल. बैठक दीड तासात बसवायची तर क्रम असा ठेवता येतो:

१. आकडे दोन दिवस आधी एका पानावर सगळ्यांकडे. बैठकीत ते कोणी वाचून दाखवत नाही.
२. पहिली दहा मिनिटं मागच्या बैठकीतल्या निर्णयांवर: झालं, नाही झालं, का नाही.
३. त्यानंतर फक्त जिथे आकडा अपेक्षेपासून दूर आहे, अशा दोन-तीन गोष्टी. अपेक्षेपेक्षा फार चांगला आकडाही यात घ्या. त्यामागे एकतर शिकण्यासारखं काही असतं किंवा चुकीची नोंद.
४. प्रत्येक चर्चेच्या शेवटी एक वाक्य: कोण, काय, कोणत्या तारखेला.

प्रमुखाने सगळ्यांत शेवटी बोलावं. ‘लक्ष्य का गाठलं नाही?’ हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत आला की वाईट बातमी त्या खोलीत पुन्हा येत नाही. त्याऐवजी ‘तिथे काय पाहिलंस?’ असं विचारलं तर उत्तरात माहिती येते. समन्वयकाने अडचण स्वतःहून आणि वेळेत सांगितली, तर प्रमुखाची पहिली प्रतिक्रिया मदतीची असली पाहिजे. एवढी एक सवय लागली तरी अहवालाचे अर्धे छापील फॉर्म निरुपयोगी होतील.

पायरी ६: पैशाकडे महिन्याला बघा

जास्त खर्चाची भीती सगळ्यांना असते. विकास प्रकल्पांत कमी खर्च हा तितकाच वाईट इशारा असतो, कारण तो बहुधा सांगतो की काम सुरूच झालेलं नाही. आर्थिक वर्षअखेरीला उरलेले पैसे संपवायला घाईघाईने घेतलेल्या कार्यशाळांतून लोकांना काय मिळतं, ते वेगळं सांगायला नको.

दर महिन्याला एक पान पुरे: खर्चशीर्ष, या महिन्यापर्यंतचा नियोजित खर्च, प्रत्यक्ष खर्च, फरक, आणि त्याचं कारण एका ओळीत. फरक दहा टक्क्यांच्या वर गेला तर कारण समन्वयकाने लिहायचं, लेखापालाने नाही. त्याच पानाखाली पुढच्या तीन महिन्यांची रोख किती आणि कुठून येणार ते असावं. देणगीदाराचा हप्ता उशिरा आला की सगळ्यांत आधी कार्यकर्त्यांचं मानधन थकतं, आणि कार्यकर्ता गेला की त्याने लोकांशी जोडलेलं नातंही जातं. शक्य असेल तर दोन-तीन महिन्यांच्या पगाराएवढा राखीव निधी बांधा.

प्रशासकीय खर्चाबद्दल एक मत मांडतो. तो शक्य तितका कमी दाखवणं ही शान मानली जाते, आणि देणगीदारही टाळ्या वाजवतात. पण लेखापाल, पर्यवेक्षक, माहिती नोंदवण्याची यंत्रणा आणि प्रशिक्षण हे सगळं त्याच शीर्षात बसतं. ते कापलं की या लेखातली एकही पायरी चालवायला माणूस उरत नाही. प्रस्ताव लिहितानाच हा खर्च खराखुरा मांडा आणि त्यातून काय मिळणार तेही सांगा.

पायरी ७: ज्यांच्यासाठी प्रकल्प, त्यांचा आवाज

तक्रारपेटी लावून हे होत नाही. लोकांना तीन गोष्टी माहीत असाव्या लागतात: त्यांना काय मिळायचं ठरलं आहे, न मिळाल्यास कोणाला सांगायचं, आणि उत्तर किती दिवसांत येईल. यादी आणि रक्कम सार्वजनिक जागी लावा. तक्रार ऐकणारा माणूस त्याच कामाचा पर्यवेक्षक नसावा. आलेल्या तक्रारींची संख्या शून्य असेल तर खूश होऊ नका. वाट बंद आहे, असंच आधी धरून चला.

पायरी ८: बदलामुळे खरंच फरक पडला का, ते तपासा

नवीन पद्धत एकाच दिवशी सगळीकडे लागू केली की सहा महिन्यांनी सुधारणा दिसली तरी ती पद्धतीमुळे, पावसामुळे की नव्या अधिकाऱ्यामुळे, हे कधीच कळत नाही. त्यामुळे टप्प्याटप्प्याने जा. समजा आठ कार्यक्षेत्रं आहेत. चिठ्ठ्या टाकून चार निवडा, आणि तिथे नवी आढावा बैठक आणि निर्णयांचा तक्ता आधी सुरू करा. उरलेल्या चारांत सहा महिन्यांनी. चिठ्ठ्याच टाका, सगळ्यांत उत्साही समन्वयकाचं क्षेत्र आधी घेतलंत तर मोजमाप पद्धतीचं होणार नाही, त्या समन्वयकाचं होईल.

दोन्ही गटांत सुरुवातीला आणि सहा महिन्यांनी तेच निर्देशक मोजा, आणि प्रत्येक गटातल्या बदलाची तुलना करा, नुसत्या शेवटच्या आकड्यांची नको. आठ क्षेत्रांवरून संख्याशास्त्रीय पुरावा उभा राहत नाही, तेव्हा आकड्यांबरोबर निर्णयांचीही नोंद ठेवा: अडचण कळल्यापासून निर्णय होईपर्यंत किती दिवस गेले, आणि बैठकीत ठरलेल्यांपैकी किती गोष्टी तारखेला झाल्या. व्यवस्थापन सुधारलं असेल तर हे दोन आकडे सर्वांत आधी हलतात, लोकांच्या जीवनातले आकडे त्यानंतर. हे दोन हलले आणि बाकीचं वर्षभर जागचं हललं नाही, तर दोष व्यवस्थापनात नसून पायरी २ मधल्या गृहीतकांत आहे; तिकडे परत जा. हे दोनही हलले नाहीत तर पद्धत फक्त कागदावर उतरली आहे. ती उरलेल्या चार क्षेत्रांत नेऊ नका, आणि पहिल्या चारांतलेही तिचे फॉर्म आणि बैठका बंद करून कार्यकर्त्यांना तेवढे तास परत द्या.